एकाच अक्षरातली एकेचाळीस प्रमाणपत्रं

अर्जातला अकरावा रकाना येईपर्यंत मंदाचं सगळं सुरळीत चाललं होतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, बी.ए.चे गुण हे सगळं तिने एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता भरलं होतं. अकराव्या रकान्यात छापलं होतं, 'स्वयंसेवी कार्य : तपशील व एकूण तास, प्रमाणपत्रांसह.' आणि त्याखाली मुंगीएवढ्या टाइपात एक टीप होती. 'अ' गट, राष्ट्रीय सेवा योजना व छात्रसेना, पूर्ण गुण. 'ब' गट, नोंदणीकृत संस्थांमधील कार्य, निम्मे गुण. 'क' गट, वैयक्तिक सेवा. याचे गुण सबळ लेखी पुरावा पाहून समितीच्या मर्जीनुसार.

"मर्जीनुसार म्हंजे?" तिने टीप मोठ्याने वाचल्यावर यादवने विचारलं. तो मंदाचा बाप, नगरपालिकेच्या पाणीखात्यात कामाला होता. नाक्याच्या आसपासचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे ही त्याची ड्युटी.

"म्हणजे त्यांना वाटलं तर देणार, नाही वाटलं तर नाही."

"मग बरोबर हाय," यादव म्हणाला. "आमच्या खात्यात पन तसंच चालतं."

सन अठ्ठ्याहत्तरचा मे महिना होता. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या चाळीत, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात, मंदा तो अर्ज मांडीवर घेऊन बसली होती. मुंबईच्या एका महाविद्यालयात समाजकार्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता आणि तिथे जायचं तिने चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. त्या वर्षी ती शेजारच्या ठकुबाईला घेऊन ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली होती. तिथे एका कोपऱ्यात टेबल टाकून एक बाई बसली होती. ना डॉक्टर, ना नर्स, दवाखान्याची समाजसेविका. येईल त्याला ती समोरच्या खुर्चीवर बसवायची, 'सांगा' म्हणायची आणि ऐकून घ्यायची. मग कागदावर काहीतरी लिहायची. ठकुबाई, जी घरात नवऱ्यापुढे तोंड उघडत नसे, ती त्या बाईपुढे अर्धा तास बोलली आणि उठताना एखादं ओझं उतरल्यासारखी उठली. ऐकून घ्यायचं आणि लिहायचं, अशीसुद्धा नोकरी असते हे मंदाला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिला ते टेबल हवं होतं. कधी कधी ती उगीचच एस.टी. स्टँडवरून वळसा घालून घरी यायची आणि ठाण्याची गाडी सुटताना बघत उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात चौघुले सरांकडे गेली. सर इतिहास शिकवायचे आणि सेवा योजनेचं रजिस्टर सांभाळायचे. त्यांनी बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"हं. मंदा यादव. वृक्षारोपण, सहा तास."

"आणि सर?"

"आणि काही नाही."

"सर, कशेळीचं शिबिर? दहा दिवस?"

"त्यात तू होतीस?"

"सर, तुम्ही माझ्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यात."

सरांचा चेहरा उजळला. "हां, हां! तांदळाच्या. फार मऊ होत्या. पण मंदा, स्वयंपाक श्रमदानात धरत नाहीत. श्रमदान म्हणजे कुदळ, फावडं, घमेलं."

"साठ माणसांचं पीठ मळलं सर. दोन वेळा. दहा दिवस."

"ते मला कळतं गं. विद्यापीठाच्या फॉर्मला कळत नाही. त्यात 'रस्ता : किती फूट' असा रकाना आहे. 'भाकरी : किती' असा नाही."

कशेळीचा तो रस्ता मुलांनी दहा दिवस खपून खाडीच्या अगदी कडेने बांधला होता. पुढच्याच उधाणात तो खाडीत गेला. पण रजिस्टरात तो दोनशे दहा फूट शाबूत होता आणि त्यावर चौदा मुलांचे ऐंशी-ऐंशी तास होते. मंदाने लावलेली चार रोपं तर तिसऱ्या दिवशी शेळ्यांनी खाल्ली होती. त्याचेही सहा तास मिळाले होते. भाकऱ्या तेवढ्या पोटात गेल्या, म्हणून त्यांची नोंद राहिली नाही.

सर मनाने वाईट नव्हते. मंदाचा चेहरा बघून त्यांनी रजिस्टर मिटलं. "तू नाक्यावर लूमवाल्यांची पत्रं लिहितेस ना?"

"तीन वर्षं झाली सर. दर शुक्रवारी. लूमला सुट्टी असते तेव्हा."

"तसा तो शेजारधर्म झाला. पण हा 'क' गट आहे ना, त्यात बसेल. ज्यांची पत्रं लिहिलीस त्यांच्याकडून लेखी आण."

"सर, त्यांना लिहिता येत असतं तर ते माझ्याकडे कशाला आले असते?"

हा मुद्दा सरांच्या लक्षात आला नव्हता. "अंगठा!" ते एकदम म्हणाले. "कोर्टात चालतो तर कॉलेजात का नाही? त्यांनी सांगायचं, तू लिहून घ्यायचं, खाली त्यांचा अंगठा. झालं सबळ लेखी!"

इथून सगळा घोटाळा सुरू झाला.

शुक्रवारी सकाळी भाऊंच्या चहाच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर मंदा नेहमीप्रमाणे बसली. आज पोस्टकार्डांऐवजी तिच्याजवळ फुलस्केप कागद होते आणि यादवने खात्यातून मागून आणलेलं शाईचं पॅड होतं. काय हवंय ते तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. पहिला नंबर हनीफचाचांचा. एका कारखान्यात चोवीस लूमवर देखरेख करणारा हा म्हातारा नाक्यावर वडीलधारा मानला जाई. तो घसा खाकरून ताठ बसला.

"लिख. मुंबई के बड़े साहब को हनीफ का सलाम. हम यहाँ खैरियत से हैं, और आपकी और आपके बाल-बच्चों की खैरियत चाहते हैं."

"चाचा, हे पत्र नाही. प्रमाणपत्र आहे. बालबच्चे नकोत."

"क्यों? साहब के बच्चे नहीं हैं?"

"मला काय माहीत?"

"तो फिर लिख दे. हुए तो खुश होंगे."

मंदाने लिहिलं. लिहिणं भागच होतं, कारण सांगितलं तसं लिहायचं हा तिचा नियम होता आणि तो अनुभवातून आलेला होता. अगदी सुरुवातीला रामसुमेर नावाच्या विणकराने रागारागाने बायकोला लिहायला सांगितलं होतं, 'तू मूर्ख है.' मंदाला ते बरं वाटेना, म्हणून तिने लिहिलं, 'तू भोली है.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'सच बताओ, चिट्ठी किससे लिखवाते हो? तुम ऐसा तो कभी नहीं बोले.' ते प्रकरण निस्तरायला दोन महिने आणि आठ पत्रं लागली होती. त्या दिवसापासून ती लोकांच्या शब्दाला धक्का लावत नसे.

चिठ्ठी मुंबईच्या मोठ्या साहेबाकडे जाणार हे कळल्यावर बाकड्यासमोर रांगच लागली. इतका मोठा साहेब आयताच वाचायला बसलाय म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं काही ना काही आठवलं. एकाने मंदाची दोन ओळी तारीफ करून पुढे रेशनकार्डाची आख्खी कहाणी घातली. एकाने आपल्या भाच्यासाठी शिपायाची जागा विचारली. रामसुमेरने गावातला हातपंप दोन वर्षं बिघडलाय, साहेबांची कुठे ओळख असेल तर बघावं, असं सुचवलं. मंदाने तेही लिहिलं. मग तो जरा पुढे सरकला.

"एक बात और लिखो. जब माँ गुज़री, तो वो चिट्ठी इसी ने पढ़ी थी. आधी पढ़के चुप हो गई. हमने पूछा क्या लिखा है, तो बोली, पहले चाय पी लो. हमने चाय पी. चाय पीते-पीते हम समझ गए." तो बोटांकडे बघत राहिला. "ये बात साहब को लिखने की है कि नहीं, हमको नहीं मालूम. तुम लिख दो."

मंदाने लिहिलं.

दुपारपर्यंत तीसएक कागद झाले. सगळे अंगठे जांभळे झाले होते आणि भाऊंच्या चहाच्या पेल्यांवर जांभळे ठसे उठले होते. तेवढ्यात शेजारच्या पूर्णा गावची राहीबाई आपली भाजीची पाटी बाजूला ठेवून पुढे आली. तिचा लेक सुरतेला मिलात होता. त्याला ती दर पंधरवड्याला पत्र घालायची, आणि तो सहा महिन्यांनी एकदा उत्तर द्यायचा.

"यो कागुद कशाला गो?"

"मावशी, मला मुंबईच्या कॉलेजात घ्यावं म्हणून."

"मुंबईला ऱ्हायाला जाशील?"

"हो. दोन वर्षं."

राहीबाईने पदराने तोंड पुसलं. "आनी मंग माझ्या पोराला पत्रां कोन लिवल?"

इतका वेळ हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. हनीफचाचा आपल्या जांभळ्या अंगठ्याकडे असे बघू लागले की जणू तो कोणीतरी फसवून घेतला होता.

"लिव," राहीबाई समोर बसत म्हणाली. "सायबास राहीबाईचा नमस्कार. ही पोर लय गुनाची हाय. माझा लेक बोलत न्हाय, पर हिच्या हातचा पत्र गेला का बोलतं. म्हनून सांगतंय, हिला तुमच्या कालेजात घेव नका. तुमच्याकं शिकलेल्या पोरी लय आसतील. आमच्याकं ही एकच हाय."

मंदाचा हात थांबला.

"लिवलंस?"

"मावशी..."

"मी सांगतंय तसाच लिव. तू काय फिरवाफिरवी करत न्हायस, म्हनून तं तुझ्याकं येताव."

मंदाने तेही लिहिलं. राहीबाईने अंगठा असा दाबला की कागद फाटायचा राहिला. तिच्या मागून आणखी अकराजण आले आणि त्यांनीही तेच सांगितलं. कोणी हात जोडून, कोणी साहेबाला दमात घेऊन. एकाने तर लिहवून घेतलं, 'लड़की हीरा है, इसलिए मत लेना. लेना हो तो उसके बदले एक दूसरी भेज देना.'

घरी येऊन मंदाने कागद मोजले. एकेचाळीस. त्यातले एकोणतीस 'घ्या' म्हणणारे, बारा 'घेऊ नका' म्हणणारे. ती बराच वेळ दोन्ही गठ्ठे दोन गुडघ्यांवर ठेवून बसली. बारा कागद फाडायचं तिच्या मनात आलं, पण बारा माणसांचे अंगठे फाडायला हात धजेना. मग तिने एकोणतीस कागद अर्जासोबत पाकिटात घातले आणि बारा कागद फळीवरच्या रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. त्या रात्री तिला झोप अशी लागलीच नाही. एकदा वाटे, आपण चोरी केली. एकदा वाटे, त्या टेबलासाठी एवढं तर करायलाच हवं.

जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. यादव रजा काढून, इस्त्रीचा सदरा घालून तिच्याबरोबर मुंबईला गेला. बाहेरच्या बाकावर बाकीचे उमेदवार बसले होते. एका मुलीच्या मांडीवर फाइल होती, तिच्यात शिबिरांचे फोटो चिकटवले होते. प्रत्येक फोटोत ती नवंकोरं फावडं धरून हसत होती. शेजारचा मुलगा त्याच्या रक्तदान शिबिराला आलेल्या पाहुण्यांची नावं पाठ करत होता.

"तुमचं काय?" त्या मुलीने मंदाला विचारलं.

"पत्रं," मंदा म्हणाली.

"कुणाची? मंत्र्यांची?"

आत तीन जण होते. मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षीणबाई, डावीकडे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ, उजवीकडे टिपणं घेणाऱ्या एक तरुण प्राध्यापिका. गृहस्थांच्या पुढ्यात जांभळ्या अंगठ्यांचा गठ्ठा होता.

"ही सगळी एकाच अक्षरात दिसतात," ते म्हणाले. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"म्हणजे तुम्ही स्वतःच स्वतःला एकोणतीस प्रमाणपत्रं दिलीत."

"नाही सर. अक्षर माझं, बोलणं त्यांचं. ते सांगतात तसं मी लिहिते."

"असं कसं मानायचं? शिवाय यात एक माणूस माझ्या बालबच्च्यांची खुशाली विचारतोय. इथे एकाला हातपंप हवाय. आमच्या नियमात हे कुठे बसवू मी? सहा तास वृक्षारोपण, तेवढं ठीक आहे. याला शून्य."

तीन वर्षांचे शुक्रवार एका शब्दात संपले होते. ती उठणारच होती. इतक्यात अध्यक्षीणबाईंनी ड्रॉवरमधून दुसरं पाकीट काढलं. "आणि हे? हे तुमचा अर्ज आल्यानंतर दोन दिवसांनी रजिस्टर पोस्टाने आलं."

पाकिटातून बारा कागद बाहेर आले. मंदाने ते लगेच ओळखले. बाईंनी वरचा कागद उचलला आणि शांतपणे वाचला. राहीबाईची भाषा त्या सावकाश, एकेका शब्दावर थांबत वाचत होत्या. "'तुमच्याकं शिकलेल्या पोरी लय आसतील. आमच्याकं ही एकच हाय.' हेही तुमचंच अक्षर?"

"हो."

"तुमच्याविरुद्ध आहे हे. तुम्हीच लिहिलंत?"

"त्यांनी सांगितलं तसं."

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटला. "आणि तरी तुम्ही आम्हाला पाठवलंत?"

मंदाला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. समोरच्या तिघांच्या डोळ्यांत ते 'हो' आधीच तयार होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी ते लपवले होते. रव्याच्या डब्यात. कोणी पाठवले मला माहीत नाही. बाबांनी पाठवले असतील."

"ते कुठे आहेत?"

"बाहेर."

यादवला आत बोलावलं. तो सदऱ्याची बटणं चाचपत उभा राहिला.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"हां बाई. डब्यात ऱ्हायले होते. पोर गडबडीत विसरली म्हनून मी पोस्टातल्या बाबूला पत्ता लिवायला लावून रजिस्टर केले. बारा मानसांचे अंगठे वाया कशाला घालवायचे?"

"वाचले होतेत?"

"मला सही येते बाई. वाचनं येत न्हाय." मग त्याला काहीतरी जाणवलं. "का? काय चुकलं का?"

बाईंनी त्याला राहीबाईचा कागद वाचून दाखवला. तो एकदा कागदाकडे, एकदा लेकीकडे बघू लागला. "राहीबाई आसं बोलली?" तो हळूच म्हणाला. "बोलनारच. तिच्या लेकाला कोन लिवनार?" आणि मग चष्मेवाल्या गृहस्थांकडे वळून तो म्हणाला, "साहेब, पोरीचा दोष न्हाय. डबा मी उघडला."

"का लपवलेत?" अध्यक्षीणबाईंनी मंदाला विचारलं.

"मला यायचं होतं म्हणून," मंदा म्हणाली. "लिहिताना शब्द त्यांचे होते. ते बदलले नाहीत. डबा माझा होता."

चष्मेवाले गृहस्थ बारा कागद पुन्हा एकदा चाळत होते. चाळता चाळता त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, म्हणजे आता ते खरंच वाचू लागले.

"मॅडम, मला एक कबूल करायला हवं," ते शेवटी म्हणाले. "खोटी प्रमाणपत्रं करणारं माणूस स्वतःला 'घेऊ नका' असं बाराजणांकडून लिहवून घेणार नाही. ही बारा खरी आहेत. आणि बारा खरी असतील, तर अक्षर आणि शाई तीच असल्यामुळे उरलेली एकोणतीसही खरी धरावी लागतात." ते थांबले. "हातपंपासकट."

दहा दिवसांनी निवड झाल्याचं कार्ड आलं.

शुक्रवारी मंदा बाकड्यावर गेली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. यादवने व्हॉल्व्ह उघडता उघडता सगळीकडे सांगून टाकलं होतं. हनीफचाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रामसुमेरने साहेबाने पंपाबद्दल काय ठरवलं ते विचारलं. राहीबाई मात्र पाठ फिरवून पाटीतली वांगी उगीच वरखाली करत होती.

"मी येवढा बजावून सांगलं, तरी घेतलीच तुला," ती म्हणाली. "ह्या कालेजवाल्यांना मानसाची भाषा समजत न्हाय."

मंदाला खोटं बोलवेना. "मावशी, तुमच्यामुळेच घेतलं," ती म्हणाली, आणि मुलाखतीत काय झालं ते तिने सगळं सांगितलं.

राहीबाई ऐकत राहिली. वांगी हातातच राहिली. "म्हंजे मीच घालवली तुला?"

"हो मावशी."

राहीबाईने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग एवढ्या मोठ्याने हसली की भाऊ दुकानातून बाहेर आले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसणं आहे की दुसरं काही, हे कोणाला कळेना. चार वांगी तिने मंदाच्या पिशवीत कोंबली. "मुंबईला चांगली गावत न्हायत," ती म्हणाली, जणू मंदा तेवढ्यासाठीच तिकडे चालली होती.

मुंबईत सगळं होतं. वर्ग होते, ग्रंथालय होतं आणि वसतिगृहाच्या खोलीत खरंच एक टेबल होतं. मंदाला ते मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की त्या टेबलासमोर कोणी येऊन बसत नाही. लूमचा आवाज नसल्यामुळे तिला झोप येईना. इतकी वर्षं ज्या खडखडाटाला ती कंटाळली होती, त्याच्यासाठी तिचे कान अंधारात ताटकळत राहायचे. दर शुक्रवारी सकाळी तर हात शिवशिवायचे.

ऑगस्टमध्ये एक पोस्टकार्ड आलं. अक्षर ओळखीचं वाटलं, पण घरचं नव्हतं. वरपासून खालपर्यंत जागा न सोडता खच्चून लिहिलेलं. हनीफचाचा ठीक आहेत. रामसुमेरला मुलगी झाली. राहीबाईच्या लेकाचं या खेपेला लगेच उत्तर आलं, अक्षर बदललं म्हणून आईला काही झालं की काय असं वाटून तो घाबरला होता. सगळे विचारतात, तू कधी येणार. आणि कडेला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात:

'मंदा, हे मी चौघुले लिहितो आहे. ही मंडळी तुझ्यानंतर थेट कॉलेजात आली आणि माझ्या वर्गाबाहेर बसून राहिली. प्राचार्य म्हणाले, बघा काय ते. आता मी दर शुक्रवारी बाकड्यावर असतो. एका पत्राला पाऊण तास लागतो. मी एका माणसाचं वाक्य सुधारून लिहिलं, तर त्याच्या घरून भांडण आलं. या कामाचे तास धरता येतील का, असं मी विद्यापीठाला विचारलं आहे. अजून उत्तर नाही. तुझं उत्तर मात्र लवकर पाठव. मोठ्याने वाचायचं आहे, बाकडं भरलेलं असतं.'

मंदा हसली. पोस्टकार्ड तिने चार वेळा वाचलं. मग कोरं कार्ड घेऊन टेबलाशी बसली आणि पहिल्या ओळीलाच अडली. तिने हजारभर पत्रं लिहिली होती, पण स्वतःचं असं एकही नाही. मनात खूप होतं. इथे करमत नाही, हे होतं. तुमच्या आवाजांची सवय जात नाही, हे होतं. पण ते सगळं चौघुले सर मोठ्याने वाचणार, भाऊ चहा गाळता गाळता ऐकणार, आणि राहीबाई पदर तोंडाला लावणार. तिचं पेन तिथेच राहिलं.

तिला ते सगळे बाप्ये आठवले, जे तीन वर्षं तिच्यासमोर बसून, एका परक्या पोरीच्या हातून, बायकोला पत्र लिहवून घेत होते. 'याद आती है' असं एकानेही कधी सांगितलं नव्हतं. छप्पर गळतं का, धाकट्याचा खोकला गेला का, विहिरीला पाणी किती, एवढंच ते विचारत आणि मग बराच वेळ गप्प बसून राहत. तिला वाटायचं, यांना सांगायला काही नाही. ती पेनाचं टोपण लावून वाट बघायची आणि मनात म्हणायची, लवकर आटपा, मागे रांग आहे.

बाजूच्या खाटेवरून तिची खोलीतली मैत्रीण चंद्रा उठून बसली. "घरी लिहितेस?"

"हो."

"एवढा वेळ? काय काय लिहिलंस?"

मंदाने कार्ड लिहून पुरं केलं, शाई वाळेपर्यंत हातात धरलं.

"विशेष काही नाही," ती म्हणाली. "नाक्यावर पाणी वेळेवर येतं का, विचारलं."